मूळ पुरुषाच्या शोधात

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडे गेलात, तर काही गावांच्या नावाला 'राजा' हा शब्द जोडलेला दिसेल. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. हा जाधवरावांच्या शाखांचा मुलूख. एका घराण्याचा वंशवृक्ष असा नकाशावर पसरलेला फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

या वंशवृक्षाचे खोड म्हणजे लखुजीराव जाधव, जिजाऊंचे वडील. त्यांच्याविषयी आपल्याला बरेच ठाऊक आहे. १६२९ साली निजामशहाच्या दरबारात दौलताबादला त्यांचा घात झाला. अचलोजी व राघोजी ही मुले आणि यशवंतराव हा नातू त्याच वेळी मारले गेले. सिंदखेडला त्यांची भव्य समाधी आहे. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त जाधव-भोसल्यांच्या वैराची हकिकत आली आहे.

लखुजीराव हयात असताना, १६२० साली, 'मेफ्लॉवर' नावाचे जहाज १०२ प्रवासी घेऊन अमेरिकेला लागले. त्यातले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. जे उरले, त्यांचे वंशज असल्याचे सांगणाऱ्यांची अमेरिकेत १८९७ पासून एक संस्था आहे. तिचा नियम कडक. तुमच्यापासून त्या प्रवाशापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू यांचा पुरावा दाखवा. मधली एक कडी निसटली तरी अर्ज परत!

हा नियम आपल्याकडे लावला तर काय होईल? लखुजीरावांच्या वर जायचे, तर घराण्याची परंपरा आपले मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. यादवांची सत्ता संपली १३१८ च्या सुमारास. तिथून लखुजीरावांपर्यंत अडीच शतके. या काळासाठी आधार आहे तो बहुतांशी नंतर लिहिलेल्या वंशावळींचा. २०२४ मध्ये सिंदखेडला समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली, तेव्हा अनेकांनी लगेच यादवांशी धागा जोडला. मूर्ती अप्रतिम आहे, पण तिच्यावरून बाप-लेकाचे नाते ठरत नाही. माझ्या मते परंपरा परंपरा म्हणून सांगावी आणि कोरी जागा कोरीच ठेवावी. ती कल्पनेने भरण्याचा मोह फार जणांना होतो.

खाली यायचे म्हटले, तर वाट वेगळी. आमच्या वऱ्हाडात वंशावळ काढायला निघालेला माणूस आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात जातो आणि 'कोतवाल बुका'ची नक्कल मागतो. जातीच्या दाखल्यासाठी ही नक्कल लागते, म्हणून ते नाव घरोघरी माहीत. गावातली जन्म-मृत्यूची नोंद त्यात असे. जुनी पाने मोडीत. वाचणारा शोधावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. दुसरी वाट त्र्यंबकेश्वरची. तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगा. आजोबा-पणजोबा कधीकाळी तिथे गेले असतील, तर चोपड्यात त्यांची नावे निघतात.

हे चोपडे आणि बुके पाहताना एक गोष्ट मला फार खटकते. कोतवाल बुकात पुष्कळदा बापाचे नाव असते, जात असते, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. बाळंत झालेल्या बाईचे नाव नाहीच! वंशावळीत तर मुलगी लग्न होऊन गेली की फांदीच तुटते. मोठ्या घराण्यांतही तेच. लखुजीरावांच्या पत्नीचे नाव कुठे म्हाळसाबाई येते, तर कुठे गिरिजाबाई. जिजाऊंची आई ती, पण तिच्या नावावरही एकमत नाही.

आता 'राजा' गावांच्या यादीतले शेवटचे नाव पुन्हा घेतो, मेहुणा राजा. संत चोखामेळ्यांचे हे जन्मगाव मानले जाते. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. म्हणजे जाधवरावांच्या वंशावळीत जिथे अडीच शतकांची कोरी जागा आहे, नेमक्या त्याच काळातले हे कुटुंब. ना जहागीर, ना भाट, ना चोपडा. देवळाच्या पायरीशी थांबावे लागलेली माणसे. तरी त्यांचे घर आपल्याला नावानिशी माहीत आहे: बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. कारण या साऱ्यांनी अभंग रचले आणि अभंगात आपली नाममुद्रा घातली. सोयराबाई स्वतःची ओळख चोखोबांची बायको अशीच करून देते, पण बोलते ती स्वतः.

कर्ममेळ्याच्या जन्माची परंपरागत कथाही त्या घराची. सोयराबाईचे दिवस भरले, चोखोबा घरी नव्हते. तेव्हा विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले, असे सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकायची. पण तिच्यात बाळाचे नाव आहे, आईचे आहे, आणि धावून येणाऱ्या आत्याचेही आहे. कोतवाल बुकात त्या रकान्यात एवढेच लिहिले असते: मुलगा.