मतदान यंत्र मतदाराशी कसं बोलतं?

मतदान केंद्रात यादीत नाव तपासलं जातं, बोटाला शाई लागते आणि मग आडोशामागे मतदार यंत्रासमोर एकटा उभा राहतो. यंत्र आखणारे तिथे नसतात. त्यांना जे सांगायचं, ते यंत्रावरच्या खुणांनीच सांगावं लागतं. ब्राझीलच्या संगणकतज्ज्ञ क्लारिस डी सूझा यांनी यावरच भर दिला: यंत्राचा दर्शनी भाग म्हणजे रचनाकाराने वापरणाऱ्याला धाडलेला निरोप.

हा निरोप पोचतो कसा, हे चिन्हमीमांसेतून, म्हणजे चिन्हांच्या अभ्यासातून कळतं. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार मांडले. काही चिन्हं वस्तूसारखी दिसतात, काही घटनेमुळे उमटतात, तर काहींचा अर्थ सर्वांनी मान्य केला म्हणून ठरतो.

मतदान यंत्रावर हे तिन्ही सापडतात. कपबशीचं चित्र कपबशीसारखं दिसतं, त्यामुळे अक्षरओळख नसली तरी कळतं. मात्र कपबशी अमक्या उमेदवाराची, हा अर्थ नेमून दिलेला असतो आणि प्रचारातून तो घरोघरी पोचतो. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह होतं. पेट्या गेल्या, यंत्र आलं, चिन्ह मात्र राहिलं.

निळं बटण दाबलं की शेजारचा लाल दिवा लागतो आणि लांबलचक बीप वाजतो. ही घटनेमुळे उमटणारी चिन्हं. दृष्टिहीन मतदाराला ब्रेलमधले आकडे बोटांनी वाचता येतात आणि बीप ऐकू येतो.

पण मत नेमकं कुणाला नोंदलं गेलं, हा प्रश्न निव्वळ बीपने सुटत नाही. म्हणून मताची छापील चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट हे जोडयंत्र आलं. काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर होती. मतदाराची शंका ऐकून यंत्राने दिलेलं हे उत्तर आहे.

खुणांनी बोलणं इतर यंत्रांनाही चुकत नाही. म्हणून तिकिटाचं यंत्र असो, एटीएम असो की रुग्णालयातलं उपकरण, ते आखणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्र पक्कं करण्याआधी ते ज्यांना वापरायचंय त्यांच्या हाती द्या, शेजारी उभं राहून काही सुचवू नका आणि त्यांना काय समजलं ते विचारा. त्यांना उलगडा झाला नाही, तर दोष त्यांना न देता खूण बदला.