गाळातील बियाणे
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना तलावांचा मोठा वारसा लाभला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. परंतु माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच आपले ‘मामा तलाव’, गावाला पाणी आणि मासळी देत राहिले. या तलावांतील शिंगी या निशाचर माशाविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

शिंगी सामान्यतः वीतभर लांबीची, अंगावर खवले नसलेली. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. दिवसा ती चिखलात वा पाणवनस्पतींच्या आड दडून राहते आणि अंधार पडल्यावर मिशांनी तळ चाचपीत अळ्या व कृमी टिपते. तिच्या कल्ल्यांपासून शेपटीच्या दिशेने हवेच्या दोन लांब पिशव्या गेलेल्या असतात. त्यांच्या साह्याने ती पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेते. त्यामुळेच पाणी आटल्यावरही ओल्या चिखलात ती तग धरते आणि पावसाळ्यात अंडी घालते. तिच्या छातीच्या परांचे काटे मात्र विषारी असतात. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी व दवाखाना गाठावा.

काही वर्षांपूर्वी एका तलावातील गाळ काढण्याच्या कामाचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो. ट्रॉलीत पडणाऱ्या गाळात शिंग्या वळवळत होत्या. शेजारी उभे असलेले एक वृद्ध धीवर म्हणाले, “साहेब, पुढल्या पावसाचं बियाणं चाललं.” माझ्या वृत्तात गाळाचे घनमीटर आले, ते वाक्य आले नाही. ती उणीव आज भरून काढीत आहे.

गाळ काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू उत्तमच आहे. विनंती एवढीच की, काम आखण्यापूर्वी गावातील धीवर बांधवांना विचारावे. संपूर्ण तलाव एकाच उन्हाळ्यात न खरवडता काम टप्प्याटप्प्याने करावे आणि ओलावा टिकणारा एखादा भाग राखून ठेवावा. शिक्षकांनी मुलांना तो भाग दाखवून त्यामागील कारण समजावून सांगावे.

शेतकरी बियाण्याची कणगी रिकामी करीत नाही. तलावाच्या बाबतीतही आपण तोच विवेक बाळगू या.