द्वारपालाचा भाला



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानात बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नाही. नोकरीनिमित्त परप्रांतात आयुष्य घालवलेला या शाळेचा एक सामान्य विद्यार्थी आहे. आज मी एका नटाविषयी बोलणार आहे, आणि तोही नायकाची कामे करून नाव मिळवलेला नव्हे. साताऱ्याकडच्या खेड्यातून निघून तेलुगू चित्रपटांत चरित्र-अभिनेता म्हणून स्थिरावलेले सयाजी शिंदे हा माझा विषय आहे. गुरुजींच्या नावाच्या व्याख्यानात हा विषय का, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्या एका चुकीची कबुली द्यावी लागेल.

मी आठवीत असताना स्नेहसंमेलनात दरबाराचा एक प्रवेश बसवला होता. राजाचे काम आपल्याला मिळेल अशी माझी खात्री होती. गुरुजींनी मला द्वारपाल केले. वाक्ये दोनच, आणि उरलेला वेळ भाला धरून उभे राहणे. मला तो अपमान वाटला. प्रयोगाच्या रात्री पोट दुखते असे सांगून मी घरीच राहिलो. दुसऱ्या दिवशी कळले की पन्नाशी उलटलेल्या गुरुजींनी स्वतः फेटा बांधला आणि संपूर्ण प्रवेशभर ते भाला घेऊन उभे राहिले. मला ते रागावले नाहीत. वर्गात एवढेच म्हणाले, "दार उघडायला कोणी नसते, तर राजा आत आला कसा असता?" या वाक्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि तो ज्यांच्यामुळे कळला त्यांची कारकीर्द आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

सयाजी शिंदे यांचा जन्म १९५९ साली सातारा जिल्ह्यातील वेळे कामथी या गावी शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण घेत असतानाच त्यांनी पाटबंधारे खात्यात रखवालदाराची नोकरी धरली. पगार महिना १६५ रुपये. म्हणजे रंगमंचावर मी नाकारलेले काम हा मनुष्य प्रत्यक्ष आयुष्यात करीत होता, आणि ते करताना पदवीसाठी मराठी वाङ्मयाचा अभ्यास करीत होता. १९७८ च्या सुमारास ते एकांकिकांतून कामे करू लागले व पुढे मुंबईस गेले. १९८७ साली 'झुलवा' हे नाटक आले. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातार यांनी ते लिहिले होते आणि दिग्दर्शन वामन केंद्रे यांचे होते. देवाला सोडलेल्या जोगतिणींचे दुःख मांडणाऱ्या त्या नाटकातील कामामुळे जाणकारांचे लक्ष शिंदे यांच्याकडे गेले.

तरीही मोठा पडदा लगेच लाभला नाही. १९९९ साली 'शूल' या हिंदी चित्रपटात बिहारमधील गुंड पुढारी बच्चू यादव त्यांनी उभा केला, तेव्हा ते चाळिशीत होते. पाठोपाठ २००० साली तमिळ 'भारती' या चित्रपटात राष्ट्रकवी सुब्रह्मण्य भारती यांची भूमिका त्यांना मिळाली. ज्या कवीचे शब्द तमिळ माणसाच्या ओठी आहेत, त्याच्या रूपात एक मराठी नट उभा राहिला. पडद्यावरचा आवाज मात्र दुसऱ्या तमिळ नटाचा होता. ज्याची वाणीच काढून घेतली आहे, त्याने कवी उभा करायचा तो कशाच्या बळावर? डोळे, मान, चालणे आणि गप्प राहणे एवढीच साधने हाती उरतात. नटाची याहून कठीण परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

त्यानंतर तेलुगू चित्रपटसृष्टीचे दार उघडले. २००३ च्या 'टागोर'मध्ये ते खलनायक झाले. २००५ च्या 'अतडु'मध्ये पुढारी, २००६ च्या 'पोकिरी'मध्ये पोलीस आयुक्त, तर २००९ च्या 'अरुंधती'मध्ये नायिकेच्या मदतीला धावणारा फकीर अन्वर. या यादीत नायक कोठेही नाही. पण यांतील एकेक माणूस काढून पाहा, कथेची भिंत कोसळते.

'टागोर' मी सिकंदराबादेत पाहिला. माझी तिकडे बदली होऊन दोन वर्षे झाली होती. नागपूर, बल्लारशा, काझीपेट असा प्रवास करून मी तेथे पोचलो खरा, पण कचेरीत मुक्यासारखा बसे. चुकीचे तेलुगू बोलून हसे होण्यापेक्षा गप्प बसणे बरे, असे मला वाटे. नागपूरला कॉलेजात असतानाही मी हेच केले होते. घरची पोवारी बोली कोणी ऐकू नये म्हणून तोंड मिटून वावरलो होतो. त्या अंधाऱ्या सभागृहात शेजारचा प्रेक्षक पडद्यावरच्या मराठी माणसाला मनापासून शिव्या देत होता. खलनायकाला याहून मोठी पावती कोणती? त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

परभाषेतील नटाचे काम कसे चालते, हे थोडे सांगतो. संवाद आपल्या लिपीत उतरवून घ्यावे लागतात. कॅमेऱ्याबाहेरून कोणी वाक्य सांगतो, ते पकडून बोलावे लागते. पुढे आवाज दुसऱ्याचा भरायचा असला, तरी प, ब, म या अक्षरांना ओठ योग्य क्षणी मिटले पाहिजेत, नाहीतर लबाडी लगेच उघडी पडते. शिवाय तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात. आपण मराठी माणसे शब्दाचा शेवट तोडून बोलतो. तेथे तो तोडला की वाक्याचा तालच जातो. अर्थ जाणल्याशिवाय हा ताल साधत नाही. म्हणून मीही दुसऱ्या दिवसापासून चुका करीत बोलू लागलो. लोक हसले. पण नंतर त्यांनीच मला शिकवले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेलुगूची चरित्र-अभिनयाची परंपरा थोर आहे. १९५७ च्या 'मायाबजार'मधील एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच अजून लोक विसरलेले नाहीत. गुम्मडी, कैकाला सत्यनारायण आणि २०२५ साली दिवंगत झालेले कोटा श्रीनिवास राव हे त्याच परंपरेतले. कोटा तर स्टेट बँकेची नोकरी करीत नाटकांतून पुढे आलेले. अशा भूमीत बाहेरचे नट येऊ लागल्यावर 'आमच्या नटांचे काय?' असा प्रश्न उठणे स्वाभाविक होते, आणि तो मला अन्यायाचा वाटत नाही. परक्या अंगणात गेलेल्याने तेथील ऋण मानून काम केले पाहिजे, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

आणि आपले अंगण परके होऊ देऊ नये, हा दुसरा बोध. नाव झाल्यावर शिंदे यांनी 'सह्याद्री देवराई' या चळवळीतून महाराष्ट्रात झाडे लावण्याचे काम हाती घेतले. बीडजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर देवराई उभी राहिली आणि २०२० साली तेथे वृक्षसंमेलन भरले. साताऱ्याच्या डोंगरात उगम पावणारी कृष्णा आंध्रात जाऊन समुद्राला मिळते. आपली वैनगंगाही वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीतून तेलुगू मुलखात पोचते. पाणी भाषेची सीमा मानीत नाही, पण उगम मात्र तेथेच राहतो जेथे तो असतो.

विद्यार्थीमित्रहो, बालाघाट जिल्हा १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर महाराष्ट्रात गेले. आपल्या घरांत मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी अशा भाषा एकत्र नांदतात. ही उणीव नव्हे. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार पाहणारे मूल चार भाषांचा ताल कानात घेऊनच मोठे होते. पोटासाठी तुम्हांला दूर जावे लागेल. तेथे पहिले काम बहुधा द्वारपालाचेच मिळेल. ते नाकारू नका, आणि आपली बोली लपवू नका. या दोन्ही चुका मी केल्या आहेत.

गुरुजींची क्षमा मागायची माझ्याकडून राहून गेली. आज त्यांच्या तसबिरीसमोर ती मागतो. शाळेला एकच विनंती आहे. यापुढे स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापाल, तेव्हा राजाच्या नावाखाली द्वारपालाचेही नाव छापत जा.