एका पेटीवर अख्खं घर : मोठ्या घरातल्या थंडाव्याचा हिशेब

(रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



मला विषय दिला गेला, ‘मोठ्या घरासाठी एसी कसा निवडावा’. मी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असं सचिव म्हणाले. खरं कारण वेगळं आहे आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे. या संस्थेत एसी निवडताना सगळ्यात मोठी चूक मी केली. तेव्हा अनुभवी माणूस बोलावलाय, असंच समजा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले, तेव्हा घराघरात पंखा आणि फार तर एक कूलर होता. होळी झाली की कूलर गच्चीवरून खाली यायचा, ताट्या बदलायच्या, पंपाला तेल द्यायचं. माझ्या आजोबांचं धाब्याचं घर होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचा धाबा, मे महिन्यातही आतल्या खोलीत दुपारी झोप लागायची. आपण स्लॅब टाकले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ते आपल्या डोक्यावर ओततो. पुढची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

आमचं घर दोन मजली, दोघा भावांचं एकत्र, माणसं सात. २०२३ च्या दिवाळीत ठरलं की पाच खोल्यांत एसी घ्यायचे. दुकानदाराने मल्टी-स्प्लिट सुचवला. म्हणजे बाहेर एकच मोठी पेटी, आणि तिच्यातून तांब्याच्या नळ्या पाच खोल्यांतल्या पाच युनिटांना. हॉलला दीड टन, बाकी चार खोल्यांना एकेक टन. बेरीज साडेपाच टन होते, बाहेरची पेटी मात्र चार टनांची. मी विचारलं, तर म्हणाला, “साहेब, पाचही खोल्या एकदम कोण चालवते?” मला पटलं. भिंतीवर पाच पेट्या लटकण्यापेक्षा एकच, घराची शोभाही राहते. आनंदाच्या भरात मी होळीला कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. आई म्हणाली, “काहून देतो रे? खाते काय तो तुह्यं?” मी हसलो होतो.

आता २०२४ चा मे आठवा. अकोल्यात २४ तारखेला पारा ४५.८ वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. दंगलीसाठी नाही, उन्हासाठी. दुपारचे खाजगी क्लासेस बंद, कामगारांना पाणी-पंखा द्या, असे आदेश. माझी मुलगी अकोल्याला असते, ती रोज फोन करून आईची चौकशी करायची. आपल्या अमरावतीत काही फार वेगळं नव्हतं. त्याच आठवड्यात एका दुपारी लाईट गेली आणि रात्री नऊला आली ती झटका देऊनच. बाहेरच्या पेटीतलं कार्ड उडालं. कार्ड एक, पण खोल्या पाचही बंद.

रात्री एक वाजता आईच्या खोलीत थर्मामीटर ३७ दाखवत होता. आईचं वय ८३, बीपीच्या गोळ्या चालू. पंखा गरम हवा फिरवत होता, बस. तिला मळमळायला लागलं, मग चक्कर. समोरच्या काकूंनी दार उघडलं, त्यांच्या हॉलमध्ये कूलरसमोर आईला झोपवलं, ओल्या पंच्याने पुसलं, सकाळी दवाखान्यात सलाईन लागलं. दोन दिवसांत ती बरी झाली. कार्ड यायला अकरा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी बाजारातून मी नवा कूलर आणला. माझ्या जुन्या कूलरपेक्षा हलक्या पत्र्याचा, आणि महाग.

त्या अकरा दिवसांत मी वाचलं, मोजलं, मेकॅनिकांशी बोललो. ते आधी करायला हवं होतं. आज ते तुम्हाला सांगतो.

एसी थंडी तयार करत नाही. तो पंप आहे. विहिरीवरची मोटर जशी खालचं पाणी वर फेकते, तसा तो घरातली उष्णता उपसून बाहेर फेकतो. म्हणून त्याला हीट पंप म्हणतात. ज्यात उलटा फिरवण्याचा व्हॉल्व असतो तो हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणतो, त्याला आपल्याकडे ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतात. वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना पुढचं सांगायला नको: पाणी जितकं खोल, तितकी तीच मोटर कमी पाणी फेकते आणि वीज जास्त खाते. एसीच्या बाबतीत बाहेरचं तापमान म्हणजे विहिरीची खोली.

आणि इथेच कॅटलॉग आपल्याला फसवतो. फसवतो म्हणणंही बरोबर नाही, तो आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हे माप अमेरिकन टनभर बर्फ चोवीस तासांत वितळायला लागणाऱ्या उष्णतेवरून आलं. पण पेटीवर लिहिलेला टन मोजतात तो बाहेर ३५ अंश असताना. स्टार रेटिंगचा जो आयएसईईआर आकडा २०१८ पासून सक्तीचा झाला, त्याच्या हिशेबात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलंय. पंचेचाळीस त्यात नाहीच! म्हणजे आपल्याला ज्या आठवड्यात यंत्राची खरी गरज असते, तो आठवडा त्या स्टारमध्ये मोजलेला नाही. माझ्या चार टनांच्या पेटीतून मे महिन्याच्या दुपारी चार टन निघत नव्हते. त्यात सुट्टीत सगळे घरी, पाचही खोल्या चालू. “एकदम कोण चालवते” याचं उत्तर मे महिना देतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: ४६ अंशाला ही पेटी किती देते? आखाती देशांसारख्या उष्ण हवामानासाठी ४६ अंशाला मोजण्याची वेगळी पद्धत आहे, तिला टी-थ्री म्हणतात, आणि चांगल्या कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकात तो आकडा सापडतो. विक्रेत्याने “५२ अंशापर्यंत चालते” म्हटलं तर लक्षात घ्या, चालते म्हणजे बंद पडत नाही. थंड किती करते, हे त्यात आलं नाही.

मल्टी-स्प्लिटचं दुसरं दुखणं रात्रीचं. रात्री अकरानंतर आमच्याकडे एखादीच खोली चालू असायची. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू होतो हे खरं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. चार टनांची पेटी एका टनाच्या खोलीसाठी जेवढं हळू व्हायला हवं तेवढं होत नाही, मग ती बंद-चालू, बंद-चालू करत राहते. वीज वाया जाते, खोलीतही कधी गार, कधी उबारा. तेव्हा दुसरा प्रश्न: एकच खोली चालू असताना ही पेटी किती खाली उतरते? हा आकडाही पत्रकात असतो. सुट्या स्प्लिटवर स्टारचं लेबल असतं, दोन कंपन्यांची तुलना करता येते. मल्टीवर ते मिळेलच असं नाही. तिथे पत्रक वाचण्याला पर्याय नाही.

आणखी एक. गॅस सगळ्यांचा एकच. वरच्या खोलीतला एक फ्लेअर जोड गळला, तरी खालची खोली गरम होते. एका खोलीत थंड आणि दुसरीत गरम, असंही साध्या मल्टीत चालत नाही.

मग मल्टी घेऊच नये का? तसं नाही. मागच्या दोन इमारतींतल्या फ्लॅटवाल्यांना बाहेर पेटी ठेवायला एकच बाल्कनी आहे. तिथे तीन पेट्या कोंबल्या तर एकीची गरम हवा दुसरी ओढते आणि तिन्ही ट्रिप होतात. त्यांच्यासाठी दोन किंवा तीन खोल्यांची छोटी मल्टी बरोबर. एकमेकींबरोबरच चालणाऱ्या खोल्या असतील तरीही बरोबर. पण ज्या खोलीत म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी माणूस झोपतं, ती खोली कधीही दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्रेसरवर टांगू नका. तिला तिची स्वतःची पेटी द्या, लहान का असेना. माझं आजचं सगळं भाषण विसरलात तरी चालेल, एवढं घरी न्या.

आता कूलर. माझ्या सुनेला तो जुनाट वाटतो. मी तिला आकडे दाखवले. एक लिटर पाणी हवेत उडताना सुमारे पाऊण युनिटच्या थोडी कमी एवढी उष्णता ओढून घेतं. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत. ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर २६-२७ अंशाची हवा देतो, पाऊण टक्का नाही, अगदी हाताला लागेल इतकी गार, आणि तेही दोनशे वॅटच्या आसपास. मृग बरसला की सगळं उलटतं. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तोच कूलर फार तर २९-३० पर्यंत उतरवतो आणि अंग चिकचिकीत करतो. म्हणजे आपल्याकडे एसीची खरी गरज दोनदा असते: मे मधल्या त्या भयंकर रात्री आणि पावसाळ्यातली घामट उमस. बाकी उन्हाळ्यात हॉलसाठी कूलरच राजा आहे. फक्त दोन्ही एकत्र चालवू नका. हॉलमध्ये कूलर चालू, बेडरूमचा एसी चालू आणि मधलं दार सताड उघडं, हे मी चार घरांत पाहिलंय. कूलर हवेत पाणी भरतो आणि एसी पैसे घेऊन ते बाहेर काढतो.

कूलरलाही पाणी लागतंच, हे मला कबूल. आपल्याला अप्पर वर्धाचं पाणी आहे. माझ्या मुलीकडे काटेपूर्णाचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी टाकलं की महिन्यात ताट्या मिठाने दगड होतात. तिथे हिशेब वेगळा पडतो. आणि डेंग्यूच्या दिवसांत टाकी आठवड्याला कोरडी करायची, हे तर आपल्या फलकावर लिहिलेलंच आहे.

हिवाळ्याचं थोडक्यात. जानेवारीच्या पहाटे आईला शेगडी लागायची. हीट पंप एक युनिट विजेत तीन-चार युनिटांची ऊब आत आणतो, कॉइलचा हीटर एकाला एकच देतो. पण ऊब लागते ती एका खोलीला, काही दिवस. पाचही खोल्यांना ‘हॉट अँड कोल्ड’ घेण्याची अमरावतीत गरज नाही. चिखलदऱ्याला घर असेल त्याने जरूर घ्यावं.

मी पुढे काय केलं? आईच्या खोलीला स्वतंत्र एक टनाचा हॉट अँड कोल्ड स्प्लिट लावला. मल्टीवर चारच खोल्या ठेवल्या. बाहेरची पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढून उत्तरेच्या सावलीत नेली; नळ्यांचा खर्च आला, पण दुपारचं ट्रिप होणं थांबलं. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. खरं तर हे सगळ्यात आधी करायचं असतं, यंत्र घेण्याच्याही आधी, कारण छप्पर थंड झालं की टनच कमी लागतो. अर्थिंग तपासलं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात बादलीभर पाणी घालायला काही लागत नाही. सोबत सर्ज प्रोटेक्टर बसवला. आईचा एसी २६ वर ठेवतो आणि वर पंखा हळू. नव्या स्टारवाल्या एसींचं सुरुवातीचं सेटिंग २०२० पासून २४ ठेवलेलं असतं, पण म्हाताऱ्या माणसाने २४ मधून एकदम ४४ मध्ये अंगणात येणं बरं नाही.

दोन गोष्टी संस्थेच्या म्हणून सांगतो, सचिव रागावणार नाहीत. आपली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही आणि निचऱ्याची नळी त्याच्या भिंतीवर ठिबकणार नाही, एवढं बघून पेटी लावा. गेल्या तीन सभांच्या इतिवृत्तात हाच विषय आहे. आणि एसी घेण्याआधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. एकाच गल्लीत दहा घरांनी न सांगता भार चढवला, तर संध्याकाळी डीपीवर काय होतं ते आपण मे महिन्यात पाहिलंच आहे.

समोरच्या काकू आज इथे बसल्या आहेत. त्यांनी त्या रात्री मला एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, “भाऊ, कूलर विकायचा असंन तं आधी आमाले विचारजा.”

ज्यांना घरी मोजमाप करून हवंय, त्यांनी या. ४६ अंशाचे आकडे कुठे शोधायचे ते पत्रकावर बोट ठेवून दाखवतो, फी नाही. फक्त दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका, आई झोपलेली असते.