आपण जिंकलो, ते हरले



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर क्रिकेटचा विषय घेऊन उभे राहताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात हा उपक्रम सुरू केला, तो लोकांना शहाणे करून सोडावे म्हणून. अर्थकारण, इतिहास, समाजसुधारणा हे या व्यासपीठाचे नेहमीचे पाहुणे. त्यांच्या पंक्तीला चेंडूफळीचे पान मांडावे की नाही, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे.

परंतु आम्ही आज खेळणाऱ्यांविषयी बोलणार नाही. पाहणाऱ्यांविषयी बोलणार आहोत. खेळणारे अकरा असतात, पाहणारे आणि ऐकणारे कोट्यवधी. त्या अकरांच्या धावांचा आणि बळींचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत कुणीतरी ठेवलेला असतो. या कोट्यवधींनी काय केले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. तो थोडासा मांडून पाहावा, असा आमचा विचार आहे. आणि त्या हिशेबात आमच्या नावावरही काही रक्कम आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

क्रिकेट पाहणाऱ्याचे व्याकरण मोठे मौजेचे असते. संघ जिंकला की तो म्हणतो, 'आपण जिंकलो.' संघ हरला की तोच गृहस्थ म्हणतो, 'हरले लेकाचे!' एका सामन्यात तो प्रथम पुरुषी असतो, पुढच्यात तृतीय पुरुषी होतो. विजयात भागीदार आणि पराभवात सावकार, अशी ही वृत्ती. १९७१ ते १९७४ या तीन वर्षांत हे व्याकरण जसे उघडे पडले, तसे फारच क्वचित पडले असेल.

१९७१ च्या आधीची स्थिती आठवा. वेस्ट इंडीजला आपण एकाही कसोटीत हरवलेले नव्हते. इंग्लंडच्या भूमीवर १९३२ पासून खेळत होतो, पण तिथेही विजयाची पाटी कोरीच होती. १९५९ साली तर पाचपैकी पाच सामने हरून संघ परत आला होता. अशा वेळी, निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. स्टेट बँकेत नोकरी करणारा, कमी बोलणारा हा मुंबईकर संघ घेऊन वेस्ट इंडीजला गेला आणि पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सात गडी राखून जिंकून, मालिका खिशात घालून परत आला. गोव्याचे सुपुत्र दिलीप सरदेसाई यांनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या आणि पहिल्याच मालिकेत खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित राहिल्या. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी टिपले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. शेवटचा दिवस होता २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थीचा. काही भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीणच मैदानावर आणली होती! आपल्याकडे तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती; मुंबई केंद्र सुरू झाले ते पुढच्या वर्षी. जे काही होते ते रेडिओच्या खरखरीत. दिवेलागणीच्या सुमारास अबिद अलींनी चौकार मारला आणि चार गडी राखून सामना जिंकला. आमच्या आळीत त्या संध्याकाळी आरती दोनदा झाली. पहिली गणपतीची होती. दुसरी कोणाची, ते विचारण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

संघ परतला तेव्हा मुंबईत विमानतळापासून उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी राहिली. इंदूरला तर 'विजय बल्ला' म्हणून एक भलीमोठी सिमेंट-काँक्रीटची बॅट उभारण्यात आली. पुढे १९७२-७३ च्या मोसमात इंग्लंडचा संघ इकडे आला, त्यालाही वाडेकरांच्या संघाने २-१ ने हरवले. लागोपाठ तीन मालिका! सगळा देश 'आपण, आपण' म्हणत होता.

मग १९७४ चा इंग्लंडचा दौरा आला. जून महिन्याची ओली, थंड हवा. स्विंग गोलंदाजाला जी अमृतासारखी, ती आपल्या फलंदाजांना विषासारखी. पहिला सामना ११३ धावांनी गेला. दुसऱ्यात, लॉर्ड्सवर, इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला. चंद्रशेखर यांच्या अंगठ्याला पहिल्याच डावात दुखापत झाली, त्यामुळे आपले प्रमुख अस्त्र आधीच निकामी झाले होते. सोमवारी, २४ जूनला, दुसरा डाव सतरा षटकांत संपला. एकूण धावा ४२. त्यांतल्या १८ एकट्या एकनाथ सोलकरांच्या, आणि ते अखेरपर्यंत बाद झाले नाहीत. ख्रिस ओल्ड यांनी पाच आणि जेफ अरनॉल्ड यांनी चार गडी घेतले. तिसरा सामनाही डावाने गेला.

आणि मग व्याकरण बदलले. इंदूरच्या त्या विजय बल्ल्याला कोणीतरी डांबर फासले. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी खेळाचा निरोप घेतला. तीन मालिका जिंकणारा कर्णधार, आणि एका मालिकेने त्याचा हिशेब चुकता!

आता आमच्या नावावरची रक्कम. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून वाडेकरांचे वर्तमानपत्रातले एक चित्र खळीने चिकटवलेले होते. ते १९७१ पासूनचे. ४२ ची बातमी आली त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरे चिडलेली होती. मोठी माणसेही पारावर बसून वाटेल ते बोलत होती. आम्ही घरी आलो, पेटी उघडली, दौतीतली शाई त्या चित्राच्या तोंडाला फासली आणि मग ते फाडून काढले. आमच्या वडिलांना क्रिकेटमधले ओ की ठो कळत नसे. ते बाजूला सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी विचारले,

"काय रे, हे चित्र लावायला तुला कोणी सांगितले होते?"

"कोणी नाही."

"मग फाडायला?"

आम्ही गप्प राहिलो. कारण फाडायला सगळ्यांनीच सांगितले होते.

श्रोतेहो, व्याख्यात्याला स्वतःला 'आम्ही' म्हणवून घ्यायची सवय असते. परंतु हे कृत्य त्या बहुवचनामागे लपवता येण्याजोगे नाही. वडिलांच्या त्या दोन प्रश्नांचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. चित्र लावले ती आवड आमची स्वतःची होती. फाडले तो राग उसना होता. आणि आम्हाला वाटते, गर्दीच्या वागण्याचे बरेचसे कोडे एवढ्या एका गोष्टीने सुटते. माणसाचे प्रेम बहुधा त्याचे स्वतःचे असते, पण राग तो शेजाऱ्याकडून उसना आणतो. आणि उसना आणलेला असल्यामुळे तो कसाही उधळतो.

उसना राग किती वेगाने पसरतो, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाशी कसोटी चालली होती. आपला दुसरा डाव ढासळत होता. एका टोकाला वाडेकर किल्ला लढवीत होते, दुसऱ्या टोकाला वेंकटराघवन होते. वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद देण्यात आले. आता विचार करा, शंभर यार्डांवर बसलेल्या माणसाला बॅटीची कड लागली की नाही, हे कसे दिसावे? डोळ्यांनी ते कोणालाच दिसले नव्हते. पण प्रेक्षकांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होते, आणि निर्णय चुकीचा असल्याचे समालोचनातून कानांवर पडले. मग बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या, मैदानावर धूर पसरला. समालोचकाने मत दिले, त्यात गैर काही नाही. ते त्याचे कामच आहे. परंतु ऐकलेले मत हेच पाहिलेले सत्य, असे मानून काडी ओढणारा हात ऐकणाऱ्याचा होता.

याच्या उलट एक दिवस ३१ जानेवारी १९९९ चा, चेन्नईचा. बारा वर्षांनी पाकिस्तानचा संघ भारतात कसोटी खेळायला आला होता. वातावरण इतके तापलेले, की दिल्लीच्या मैदानावरची खेळपट्टी आधीच कोणी उखडून ठेवली होती. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. पाठ धरलेली असताना सचिन तेंडुलकरांनी १३६ धावा केल्या, आणि अवघ्या सतरा धावा उरल्या असताना ते बाद झाले. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. बारा धावांनी पराभव! यापेक्षा जिव्हारी लागणारे काय असेल? आणि त्या क्षणी चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिले व त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्या खेळाडूंनी मग मैदानाला फेरी मारून त्या टाळ्यांचा स्वीकार केला.

त्या टाळ्यांचा अर्थ काय? त्या लोकांना दुःख झाले नव्हते, असे नाही. परंतु चार दिवस त्यांनी तो सामना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि पाहिलेल्याशी ते प्रामाणिक राहिले. याचा अर्थ चेन्नईकर सज्जन आणि इतर गावचे लोक दुर्जन, असा कोणी करू नये. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला तेंडुलकर धावबाद झाले, त्यावरून इतका गोंधळ झाला की शेवटी स्टॅन्ड मोकळे करून रिकाम्या मैदानावर सामना पुरा करावा लागला. देश तोच, महिनाही जवळजवळ तोच. म्हणजे दोन्ही वृत्ती आपल्यातच नांदतात. कोणती वर यावी, हे त्या त्या क्षणी ठरते. आणि ते ठरवणाऱ्यांत आपण प्रत्येक जण असतो.

अलीकडचे एक उदाहरण देऊन आम्ही आटोपते घेतो. १९ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत गडगडला. ४२ चा जुना नीचांक त्या दिवशी मोडला. आता दगड घराच्या खिडकीवर येत नाहीत, हातातल्या दूरध्वनीवर येतात. पण ते आले. त्यानंतर विराट कोहली घरी परतले आणि संघाची धुरा अजिंक्य रहाणे यांच्याकडे आली. मेलबर्नला त्यांनी ११२ धावा केल्या आणि सामना जिंकला. सिडनीला हनुमा विहारी आणि अश्विन यांनी जखमी अवस्थेत सामना वाचवला. त्याच मैदानावर मोहम्मद सिराज यांना काही प्रेक्षकांनी नको ते बोलून अपमानित केले. तेव्हा काहींना तिथून उठवून बाहेर काढले आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने माफी मागितली. म्हणजे हा रोग काही एकट्या आपल्याच देशाचा नाही. मग ब्रिस्बेन. तिथे ऑस्ट्रेलियाने १९८८ नंतर कसोटी गमावलेली नव्हती. पहिल्या डावात पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी वॉशिंग्टन सुंदर यांच्याबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या, आणि १९ जानेवारी २०२१ ला, म्हणजे ३६ नंतर बरोबर महिन्याने, भारताने ३२८ चे लक्ष्य गाठले. मालिका २-१.

रहाणे माटुंग्याला घरी आले तेव्हा ढोल-ताशे वाजले, फुले पडली. शेजाऱ्यांनी हौसेने एक केक आणला होता. त्यावर कांगारू होता. कर्णधाराने सुरी चालवावी, एवढीच सगळ्यांची अपेक्षा. रहाण्यांनी तो कापला नाही. कांगारू हे त्या देशाचे मानचिन्ह. आपण त्यांना हरवले म्हणून त्यांचा मान का कापावा, असा त्यामागचा भाव होता. शेजाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही जाणतो. पण गर्दीने प्रेमाने हातात दिलेली सुरीसुद्धा खाली ठेवता येते, हे त्या शांत माणसाने दाखवले. ज्याला विजयात सुरी खाली ठेवता येते, त्याला पराभवात दगडही खाली ठेवता येईल.

संघावर टीका करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९७४ च्या संघाचे चुकले असेल. ते कसे चुकले, हे अभ्यासून सांगणारा टीकाकार हा खेळाचा मित्रच असतो. परंतु ओली हवा, दुखावलेला अंगठा, सतरा षटके हे काहीही न पाहता, त्यात केवळ कर्णधाराचे पाप शोधणारा टीकाकार नव्हे. जिंकल्यावर 'आपण' म्हणण्याचा ज्याला हक्क हवा, त्याने हरल्यावरही तोच शब्द वापरावा. आम्ही मागतो ते एवढेच.

आता आमच्या त्या चित्राचे. वाडेकर पुढे संघाचे व्यवस्थापक झाले. १९९३ साली इंग्लंडचा संघ इकडे आला आणि ०-३ असा हरून गेला. १९७४ ला जेवढ्या फरकाने आपण हरलो होतो, तेवढ्याच फरकाने. लोकांनी वाडेकरांना पुन्हा डोक्यावर घेतले. १५ ऑगस्ट २०१८ ला ते गेले तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांची चित्रे आली. आम्ही त्यांतले एक कापून घेतले. ती पत्र्याची पेटी अजून घरात आहे. झाकणाच्या आत जुन्या खळीचा एक पिवळा चौकोन शिल्लक होता. नवे चित्र त्यावर बेताचे बसले.

ते लावायला आम्हाला कोणी सांगितले नव्हते.