बाळ जरा धरता का?

(कोल्हापुरात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संक्षिप्त केले आहे.)

सकाळपासून आपण पोटगी, घरातली मारहाण, जमिनीतला वाटा यांवर बोलतोय. त्यानंतर मी रेल्वेच्या प्रवासावर बोलणार म्हटल्यावर तिकडं मागं चार-दोघी हसल्या, ते मी पाहिलं. हसू दे. विषय लहान वाटतो खरा. पण मला सांगा, वर्षाच्या आतलं मूल घेऊन रात्रभराचा रेल्वेप्रवास किती जणींनी केलाय? हात वर करा बघू. निम्म्याहून जास्त आहेत की! आता त्या रात्री ज्यांना झोप लागली त्यांनीच हात वर ठेवा. एकही नाही. मग विषय तेवढा लहान नाही.

माझंच सांगते. १९९४ साली मी माहेरी, इथं कोल्हापुरात, बाळंत झाले. मुलगी साडेतीन महिन्यांची झाल्यावर सासरी परत निघाले. एक रात्र आणि वर अर्धा दिवस, असा प्रवास. नवरा न्यायला येणार होता, त्याला ऐनवेळी रजा मिळाली नाही. भाऊ गाडीत बसवून गेला. सामान काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दुपटी, लंगोट, झबली, टोपडं, वाटी-चमचा, गरम पाण्याचा थर्मास, आईनं दिलेले डिंकाचे लाडू, आणि काखेत बाळ.

माझा बर्थ मधला होता. खालच्या बर्थवर एक मध्यमवयीन गृहस्थ. मी म्हटलं, "दादा, बाळ आहे, बर्थ बदलून देता का?" ते म्हणाले, "मी दोन महिने आधी तिकीट काढलंय." खोटं नव्हतं ते. माणूस दुष्ट होता असंही नाही. पण पलीकडून आणखी कुणीतरी बोललं, "एवढं बारकं पोर घेऊन या बायका निघतात कशाला?"

त्या वाक्याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. आज देते.

आम्ही निघतो, कारण तुमचीच रीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत बाईनं एकटीनं ठरवलेली नाही. सातव्या-आठव्या महिन्यात तिला माहेरी धाडायचं आणि सव्वा महिन्यानं, तिसऱ्या महिन्यानं बाळासह परत आणायचं. आपल्याकडं बहुतेक बाळांचा पहिला मोठा प्रवास हाच असतो, आजोळाहून बापाच्या घरी. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून या रुळांवरून लेकी पोट घेऊन येतात आणि बाळ घेऊन जातात.

आता अंतरं बघा. इथून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियापर्यंत जाते. एकाच राज्यातला हा प्रवास, पण १३०० किलोमीटरहून जास्त. आज दुपारी बसलेली बाई नागपूरला उद्या दुपारनंतर पोचते. आपल्या शेजारच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत. पार दिल्ली, कलकत्ता, केरळपर्यंत. त्यांच्या बायका बाळंतपणाला गावी येतात आणि मिरजेहून गाडी धरून परत जातात. दोन-दोन दिवसांचा प्रवास, भाषा परकी, मांडीवर तान्हं मूल. त्यांना विचारा, कशाला निघालात म्हणून.

स्लीपरच्या डब्याची रचना सगळ्यांना माहीत आहे. जुन्या डब्यात ७२ बर्थ, नव्या पद्धतीच्या डब्यात ८०. संडास चार. बर्थ रुंदीला जेमतेम दोन फूट. त्यावर बाळाला आतल्या बाजूला, पाठीच्या फळीशी निजवायचं आणि आपण कडेला कुशीवर पडायचं. एक हात बाळावर, दुसऱ्या हातानं साखळी धरलेली. डोळा लागला की दचकून उठायचं, कारण बाळ चेंगरलं तर? सरकून आपणच खाली पडलो तर? मधल्या बर्थवर तर उठून बसताही येत नाही. मग पाजायचं कसं? पदराआड, पाय मुडपून, मान वाकवून. समोरच्याची नजर कुठं आहे ते बघत. आणि रात्री कुणी दिवा लावला की, "लाइट बंद करा" असंही आपणच सांगायचं.

सगळ्यात अवघड काय? संडासला जाणं. बाळाला बर्थवर ठेवून जाता येत नाही. घेऊन जावं तर त्या हलत्या, ओल्या, अरुंद जागेत त्याला ठेवायचं कुठं? म्हणून बाई काय करते? पाणी पिणं बंद करते. पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं हे डॉक्टर सांगतात, आपल्या आज्या तर बाळंतिणीच्या मागं लागून पाजायच्या. पण गाडीत बसल्यावर ती चोवीस तास घसा कोरडा ठेवून बसते. मीही बसले होते.

तर त्या रात्री बाजूच्या बर्थवर एक म्हातारी होती. नऊवारीतली, हातात गाठोडं. माझ्याकडं बराच वेळ बघत होती. मग उठून आली आणि म्हणाली, "दे गं पोरी लेकरू हिकडं. जाऊन ये जा. सांजच्यापासनं जागची हलली नाहीस." मी नाव-गाव विचारायच्या आत बाळ तिच्या खांद्यावर. मी संडासात गेले खरी, पण ती दोन मिनिटं काय होती सांगू! गाडी कुठं थांबली आणि ही बाई उतरून गेली तर? असा विचार आला याची मला नंतर लाज वाटली. परत आले तर म्हातारी बाळाला थोपटत तशीच उभी. मग तिनं गाठोड्यातलं जुनं लुगडं काढलं आणि समोरासमोरच्या बर्थच्या साखळ्यांना झोळी बांधली. गाडीच्या हेलकाव्यानं पोर जी झोपली ती पहाटेपर्यंत. आम्ही दोघी आळीपाळीनं जाग्या राहिलो. ती आधी उतरली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितलीय. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "बघा, माणुसकी आहे अजून," म्हणतात. मीही पूर्वी तिथंच थांबायचे. आता थांबत नाही. आता मला वाटतं, ती म्हातारी त्या डब्यात नसती तर? "बाळ जरा धरता का?" हे वाक्य स्लीपरच्या डब्यात रोज रात्री किती बायका म्हणत असतील! आणि धरणारीही बहुधा बाईच असते. प्रवासातली ही सगळी व्यवस्था अनोळखी बायकांच्या फुकटच्या कष्टांवर चालते. तिला आपण माणुसकी म्हणतो आणि मोकळे होतो.

आता नियम काय आहेत ते बघू. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमात प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी जागा राखून ठेवायला सांगितलंय. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपरचे सहा बर्थ महिला कोट्यात असतात. त्याखेरीज स्लीपरच्या दर डब्यात सहा-सात खालचे बर्थ राखीव असतात. कुणासाठी? ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या बायका आणि गरोदर बायका. चांगलंच आहे. पण ही यादी पुन्हा नीट ऐका. गरोदर बाई आहे, बाळंत होऊन परत निघालेली बाई नाही! पोटात मूल असताना माहेरी येताना तिला खालचा बर्थ, आणि तेच मूल हातात घेऊन परत जाताना नशिबात असेल तो. मला आता न मागता खालचा बर्थ मिळतो, कारण मी पंचेचाळिशी ओलांडली. ज्या वर्षी त्याची खरी गरज होती, त्या वर्षी तो मिळायचा हक्क मला नव्हता. माझ्या मुलीलाही तिचं मूल तान्हं असताना नव्हता.

असं का होतं? पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ही सवलत आपल्याला हवीच आहे. पण तिकीट नाही म्हणून बर्थ नाही, आणि बर्थ नाही म्हणून जागेचा हिशेब करताना बाळ धरलेलंच नाही. त्याला जागा नाही, म्हणजे आईच्या जागेतली अर्धी त्याची. बाळ फुकट जातं असं म्हणतात. फुकट जात नाही, त्याचं भाडं आई झोपेनं भरते.

काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी दुसऱ्या वर्गाचे बर्थ नुसत्या लाकडी फळ्यांचे होते. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळ्यांवर दोन इंच फोम आला. गरिबाचीही पाठ दुखते, हे कुणीतरी ध्यानात घेतलं. त्यांच्या घरात महिला दक्षता समिती उभारणाऱ्या प्रमिलाताई होत्या, हेही आपण ध्यानात ठेवू. २०१६ मध्ये सुरेश प्रभू मंत्री असताना निवडक स्थानकांवर बाळासाठी गरम दूध, गरम पाणी, बाळाचं खाणं देणारी 'जननी सेवा' सुरू झाली. मे २०२२ मध्ये मातृदिनाच्या निमित्तानं लखनौ मेलमध्ये 'बेबी बर्थ' लावून पाहिला. खालच्या बर्थच्या कडेला बिजागरीनं उघडणारी छोटी गादी, बाळ पडू नये म्हणून तिला अडसर. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण तो प्रयोग होता एसी डब्यात, अवघ्या दोन बर्थना. स्लीपरमधल्या बाईनं आपली सोय कधीच शोधून ठेवलीय, तिच्या जुन्या लुगड्यात. तिला कुणी शोध म्हटलं नाही, एवढंच.

आपल्याला हिरकणीची गोष्ट फार आवडते. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं मूल, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, तिच्या नावानं बुरूज बांधला. एसटीच्या स्थानकांवर पाजण्यासाठी कक्ष झाले, त्यांनाही तिचंच नाव. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज आहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष उघडला. पुढं २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदार बाईची ही गत, तर गलाईवाल्याच्या बायकोचं कोण ऐकणार? मला हिरकणीबद्दल आदरच आहे. पण दर पिढीत आपण बाईला कडा उतरायला लावतो आणि मग तिची पाठ थोपटतो. दरवाजा उघडा ठेवावा, असं कुणाला सुचत नाही.

आता पुरुषांबद्दल. नवरा सोबत असला तरी काय होतं ते तुम्ही पाहिलंय. तो वरच्या बर्थवर चढतो, "काही लागलं तर उठव" म्हणतो आणि घोरायला लागतो. तासभर बाळ घेऊन फिरला तर सगळा डबा त्याचं कौतुक करतो. म्हणून मागणी करताना आपणही एक चूक करू नये. खालचा बर्थ 'मातेला' द्या एवढंच म्हटलं, तर मूल सांभाळणं पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. सोय बाळाच्या नावानं मागू. बाळ ज्याच्याजवळ निजणार त्याला खालचा बर्थ. मग ती आई असो, बाप असो, आजी असो.

माझा मसुदा असा आहे:

१. दोन वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर तिकीट काढतानाच त्याची नोंद व्हावी आणि गरोदर बायकांप्रमाणेच त्या प्रवाशाला खालचा बर्थ मिळावा.

२. बाळाचा जोडबर्थ स्लीपरच्या डब्यातही हवा. एसीतल्या बाळाला झोप येते आणि स्लीपरमधल्या बाळाला येत नाही, असं नाही.

३. दर डब्यातल्या निदान एका संडासात बाळाला ठेवता येईल, त्याचे कपडे बदलता येतील, अशी भिंतीला मिटणारी फळी हवी.

४. मोठ्या स्थानकांवर पाजण्याची खोली आणि गरम पाणी रात्रीही मिळावं. रात्रीच्या गाड्यांची बाळं रात्रीच रडतात.

यात कुणी भर घालावी, खोडावं. कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं. तिथल्या व्यवस्थापकांकडं हे पत्र आपल्या सह्यांनिशी जाऊ दे. आणि प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतल्या अशा दहा जणींचे अनुभव लिहून काढावेत. गाडी कोणती, बर्थ कोणता, बाळ किती महिन्यांचं, पाणी किती वेळ प्यायली नाही. आपण लिहिलं नाही तर "अशी तक्रारच कधी आली नाही," हे उत्तर तयारच असतं.

तोवर काय? तोवर, मैत्रिणींनो, आपल्यातल्या ज्या पंचेचाळिशीच्या पुढच्या आहेत आणि ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनी खालचा बर्थ सोडायची तयारी ठेवावी. समोर बाळंतीण दिसली तर तिनं विचारायची वाट बघू नका. आपणच म्हणा, "दे गं बाळ इकडं, जाऊन ये." आणि ती परत आली की तिच्यापुढं हा कागद धरा आणि सही घ्या.

कागद आणि पेन दाराशी टेबलावर ठेवलंय.