कानाच्या पाळीवरची गाठ
(सोसायटीच्या आरोग्य व्याख्यानात केलेले भाषण)

दोन वर्षांपूर्वी आपल्या लिफ्टमध्ये बोललं जात होतं, ‘बी विंगमधल्या डॉक्टरीणबाईंना कॅन्सर झालाय म्हणे!’ त्या बाई म्हणजे मी. बातमी खोटी होती, पण अगदीच निराधार नव्हती. म्हणून आज सांगते.

नातीच्या हट्टापायी साठी उलटल्यावर मी कानाला दुसरं भोक पाडून सोन्याच्या कुड्या घातल्या. काही महिन्यांनी उजव्या पाळीवर लालसर-जांभळी, टणक गाठ आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, ‘लिम्फोमा नाकारता येत नाही.’ पॅथॉलॉजिस्ट म्हणून हे वाक्य मी स्वतः कितीदा लिहिलं असेल! लिहिताना त्यात सावधपणा वाटायचा. वाचताना हात गार पडले.

लिम्फोसाइट या आपल्या पहारेकरी पेशी. किडा चावला, गोंदणातला लाल रंग सोसला नाही, फिटवरच्या फेनिटॉइनसारखं औषध चालू असलं, तर कधी कधी त्या त्वचेत एका जागी गर्दी करतात. (गोळ्या स्वतःहून बंद करू नका हं, डॉक्टरांना विचारा.) युरोपात गोचीड चावल्यानंतरही असं होतं. मायक्रोस्कोपखाली ही गर्दी थेट लिम्फोमासारखी दिसते. तिला स्यूडोलिम्फोमा म्हणतात. स्वीडनच्या बेफ्वरस्टेट यांनी १९४३ मध्येच अशा गाठींच्या नावात ‘सौम्य’ हा शब्द घातला होता.

मग ओळखायचं कसं? विशेष चाचण्यांत पाहतात, पेशी एकाच पेशीची पिलावळ आहे की वेगवेगळ्या घरांतून जमलेली मंडळी. पिलावळ असेल तर संशय वाढतो. पण ही चाचणीही कधी चकवते. म्हणून पेशंटची हकिगत लागते. आणि इथेच मी चुकले! तपासणीच्या कागदावर कुड्यांचा उल्लेखच केला नाही. या वयात भोक पाडल्याची लाज वाटली. सोन्याच्या कानातल्यांमुळे अशी गाठ येऊ शकते, हे मलाच ठाऊक असायला हवं होतं.

शेवटी रात्री साडेदहाला माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि सगळं कबूल केलं. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘मॅडम, हे तुम्ही पेशंटला कधी माफ केलं असतं का?’

पुढच्या चाचण्यांत मिश्र पेशी निघाल्या. कुड्या काढल्या, गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, गाठ हळूहळू बसली. तरी दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते, कारण क्वचित अशा रुग्णांत पुढे खरा लिम्फोमा निघालेला आहे.

कुड्या कपाटात आहेत. नात मागते आहे. अजून दिल्या नाहीत.